कौलाने बाहेर बसवलेला गोली

लग्न होऊन मी पंतनगरात आले, त्याच आठवड्यात ह्यांच्या धाकट्या भावाने, आमच्या गुणाजी भावोजींनी, लोणच्याच्या लिंबांची परडी माझ्या हातात दिली आणि समोर दारात जाऊन उभे राहिले.

"वहिनी, फेका."

"कुठे?"

"कुठेही. मला सांगायचं नाही."

मी बघितलं मोरीकडे आणि फेकलं देव्हाऱ्याकडे. त्यांनी झेललं. पुन्हा फेकलं, पुन्हा झेललं. परडी रिकामी झाली तरी एक लिंबू खाली पडलं नाही. म्हणाले, "डोळ्यांनी फसवता हो तुम्ही, पण तुमचा खांदा आधीच सांगून टाकतो."

भावोजी आमच्या सातेरी क्रीडा मंडळाचे गोली. मंडळ म्हणजे बिल्डिंगीसमोरच्या मैदानात फुटबॉल खेळणारी आमच्याच गावाकडची पोरं. भावोजी गिरणीत बदली कामगार होते. हातात गिरणीतलेच सुती मोजे, ते पाण्यात भिजवून घालायचे. पेनल्टीच्या वेळी सगळे मारणाऱ्याच्या मारायच्या पायाकडे बघतात, हे बघायचे दुसऱ्या पायाकडे, जो जमिनीत रोवला जातो त्याच्याकडे. तो जिकडे वळला, तिकडे बॉल. रात्री जेवताना हे सगळं मला समजावून सांगायचे. मला त्यातलं काही कळायचं नाही, पण त्यांची भाकरी ताटात गार व्हायची आणि चेहरा असा उजळायचा की मी "बरं, मग?" म्हणत राहायचे.

ब्याऐंशीला संप झाला आणि गिरणी गेली ती गेलीच. भावोजी घरी बसले. त्याच्या पुढच्या वर्षी मंडळ एका मोठ्या टूर्नामेंटमध्ये उतरलं आणि एकेक मॅच काढत गेलं. पण प्रत्येक मॅच निसटती. एकदा शेवटच्या मिनिटाला एक गोल, दोनदा बरोबरी होऊन पेनल्टीवर. जिन्याखालच्या ओट्यावर रोज वाद चालायचा.

मंडळाचे अध्यक्ष धोंडिराममामा म्हणायचे, "देवीची कृपा आसा म्हणान जिंकतास. नायतर तुमका कोण इचारता?"

कॅप्टन नंदकुमार उसळायचा, "मामा, कृपा आहेच. पण कृपा काय दर रविवारी बरोबर बाजूला उडी मारते? गुण्या मारतो."

"गुण्याक उडी मारूची बुद्धी कोण देता?"

मी स्वतः रोज सातेरीला फूल वाहणारी बाई, मला मामांचंच पटायचं.

फायनल कुर्ल्याच्या संघाशी होती, तीही आमच्याच बिल्डिंगीसमोरच्या मैदानात. ठाण्याकडच्या एका कंपनीचा माणूस मॅच बघायला येणार, अशी बातमी आली. कंपनीला आपल्या टीमसाठी गोली हवा होता. खेळायचं कंपनीकडून आणि नोकरी कायमची. भावोजी त्या आठवड्यात बोलेनासे झाले. नुसते मोजे धुवायचे, वाळत घालायचे, परत धुवायचे.

पण सेमीफायनलला त्यांचं एक बोट सुजलं होतं. फार नाही, हळद लावून उतरत आलं होतं. तरी धोंडिराममामांच्या मनात किंतु आला. दुसरा गोली चंदू, बरा होता, पण भावोजींसमोर काहीच नाही. मामा म्हणाले, आपण आपल्या मनाने कशाला ठरवायचं, देवीला विचारू.

आमच्याकडे लग्न असो, घर घेणं असो, देवीला कौल लावल्याशिवाय पाऊल पुढे टाकत नाहीत. सोसायटीच्या कोपऱ्यात गावाहून आणलेली सातेरीची मूर्ती आहे. तिच्या दोन्ही अंगांना भिजवलेल्या पाकळ्या चिकटवायच्या. आधी उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. मामांनी गाऱ्हाणं घातलं, "ह्या पोराक फायनलीक उभो करूचो काय, तां सांग गे आई," आणि सगळे एका सुरात म्हणाले, "होय म्हाराजा!" भावोजींचा आवाज सगळ्यांत मोठा होता.

डावी पाकळी पडली.

भावोजी हळूच म्हणाले, "मामा, परत एकदा लावा ना."

"देवीक दोनदा इचारतत काय रे?" मामाही खुशीत नव्हते. "डावो कौल इलो. माझ्या हातात काय्येक नाय."

भावोजींनी नंदकुमारकडे बघितलं. तो खाली बघून म्हणाला, "मी कॅप्टन आहे रे गुण्या. देवीच्या वर नाही."

घरी आल्यावर ते म्हणाले, "वहिनी, तुम्हाला काय वाटतं?" मी म्हटलं, "तिने दिलेला कौल खोटा कसा म्हणू, भावोजी?" ते हसले. "मीही नाही म्हणत. म्हणूनच तर बाहेर बसतोय."

फायनलला आम्ही बायका झाडून सगळ्या खाली उतरलो. भावोजी मैदानाच्या कडेला बसले होते, मी त्यांच्या मागे. मैदानाच्या एका बाजूला शाळा, दुसऱ्या बाजूला पाण्याची टाकी. गोल कोणाचाच झाला नाही, पेनल्टी आल्या. त्या टूर्नामेंटमध्ये एका संघाच्या पाचही झाल्या की मग दुसऱ्याची पाळी; आमच्या पोरांनी तीन मारल्या, दोन चुकवल्या. मग चंदू गोलात उभा राहिला आणि कुर्लेकर मारायला आले.

मी चंदूकडे बघितलंच नाही. मी भावोजींच्या पाठीकडे बघत होते. बॉल मारायच्या जरा आधी ते बसल्या जागी कलायचे. पहिल्याला शाळेकडे कलले, बॉल शाळेकडे गेला, गोल. दुसऱ्याला टाकीकडे, बॉल टाकीकडे, गोल. तिसराही ते कलले त्याच बाजूने गेला, पण खांबाला लागून बाहेर. चौथाही त्यांनी ओळखला, तो दांड्यावरून उडाला. चंदू दर वेळी भलतीकडेच उडी मारत होता.

शेवटचा मारायला कुर्ल्याचा अनंता आला. हा गेला असता तर पुन्हा बरोबरी. भावोजी शाळेकडे कलले. चंदू टाकीकडे झेपावला. बॉल दोन्हीकडे न जाता सरळ मधे आला, चंदूच्या मागे राहिलेल्या गुडघ्यावर आपटला आणि परत गेला.

"होय म्हाराजा!" मैदान दुमदुमलं. मामा रडत होते. देवीने खरं केलं, असं जो तो म्हणत होता. भावोजींनी चंदूला खांद्यावर घेतलं, सुजलेल्या बोटाने घेतलं.

कंपनीने चंदूला नेलं.

दोन वर्षांनी तिथली टीम बंद झाली, नोकरी राहिली. चंदू मनाने सरळ. दर दिवाळीला मिठाई घेऊन येतो आणि म्हणतो, "गुणाजी, नोकरीला माझा गुडघा लागला रे, मी नाही." भावोजी हसतात, त्याला चहा दिल्याशिवाय सोडत नाहीत. स्वतः घाटकोपरला धान्याच्या दुकानात लागले. लग्न झालं, मुलगी झाली. पुन्हा गोलात उभे राहिले नाहीत. संध्याकाळी दुकानातून आले की गॅलरीत उभे राहून मैदानाकडे बघायचे, खाली कोणी खेळत नसलं तरी.

एकदाच मला म्हणाले, "वहिनी, चौघांचं मला कळलं होतं. पहिले दोन मी काढले असते, मग शेवटच्याची वेळच आली नसती. पण शेवटचा... त्याचा पाय शाळेकडे होता हो. मी तिकडे गेलो असतो, आणि तो मधून गेला असता. देवीने तोच बघितला असेल का?"

रोज संध्याकाळी हात जोडते तेव्हा बाकी सगळं मागून झालं की हे एक तिला विचारावंसं वाटतं. तोंडाशी येतं आणि राहतं.

आज मंडळाचा वर्धापनदिन होता. जुन्या खेळाडूंना बोलावलं होतं, त्यात कुर्ल्याचा अनंताही आला. पोट सुटलंय, केस गेलेत. मी चहाची किटली घेऊन खाली गेले तर भावोजी त्याच्याशी बोलत होते.

"एक मारून दाखव ना. त्या दिवशीचा शेवटचा."

"सोड ना यार, आता कुठे," अनंता हसला, पण बॉल ठेवला. भावोजी चपला काढून गोलात गेले. पायजमा वर खोचला. अनंताने हळूच, लहान मुलाला द्यावा तसा बॉल टाकला. भावोजींनी उचलून परत जागेवर नेऊन ठेवला.

"असा नको. त्या दिवशी मधे मारलास तसा."

अनंता बघत राहिला. "मधे? मला कुठे मधे मारायचा होता रे? मी शाळेकडे मारत होतो. टेकलेला पाय सरकला माझा, आणि बॉल मधे गेला. घरी जाऊन दोन दिवस जेवलो नाही."

भावोजींनी त्याच्या टेकलेल्या पायाकडे बघितलं. मग म्हणाले, "म्हणजे मी बरोबर होतो."

"बरोबर होतास. पण तू असतास तर गोल झाला असता," अनंता म्हणाला आणि मोठ्याने हसला. भावोजीही हसले. हसता हसता त्यांनी डोळे पुसले, धूळ गेली असेल.

"आता पाय सरकू न देता मार," ते म्हणाले. "शाळेकडे."

अनंताने या वेळी खरोखर मारला. भावोजी शाळेकडे झेपावले, मातीत पडले. बॉल बोटांना चाटून आत गेला. उठून पुन्हा ठेवला. पुन्हा मारला, तोही गेला. तिसरा त्यांनी पोटाशी धरला आणि तसेच पडून राहिले, कितीतरी वेळ. मला वाटलं लागलं की काय.

"भावोजी, चहा गार होतोय," मी हाक मारली.

"आलो," ते म्हणाले. उठले आणि बॉल परत अनंताकडे टाकला. पोरं घरी निघाली होती, शाळेची भिंत अंधारायला लागली होती, आणि मला देवापाशी दिवा लावायला वर जायचं होतं.

"आलोच वहिनी. अजून एकच."