सात तीन नऊ तीन नऊ एक तीन तीन

एखाद्या संख्येवर माझ्या साडूभाऊंइतका जीव जडलेला माणूस अख्ख्या ठाणे जिल्ह्यात दुसरा झाला नसेल. कुणाला देव लागतो, कुणाला राजकारण. त्यांना सात कोटी एकोणचाळीस लाख एकोणचाळीस हजार एकशे तेहतीस ही संख्या पुरायची. ठाकुर्लीच्या त्यांच्या घरी चहाच्या आधी ती यायची. एक आणि ती स्वतः सोडून तिला कशानेही भाग जात नाही. एवढंच असतं तर मी ऐकून घेऊन चहा प्यायलो असतो. पण तिचा उजवीकडचा एक आकडा पुसला, तर उरलेल्या संख्येलाही भाग जात नाही. आणखी एक पुसला, तरी नाही. पुसत पुसत शेवटी सात उरतो, त्यालाही नाही. "असं चालणारी याहून मोठी संख्याच नाही," ते हळू आवाजात सांगत, जणू घरातलं कुणी मोठ्या हुद्द्यावर गेलं आहे.

बाकीच्या संख्यांकडे ते डॉक्टरच्या नजरेने बघत. माझ्या मुलीला बघायला शहाडची मंडळी आली, तेव्हा त्यांनी मुलाच्या वडिलांचा मोबाइल नंबर विचारला, ओठांतल्या ओठांत आकड्यांची बेरीज केली, त्यांचा हात हातात घेतला आणि म्हणाले, "तीनने जातोय." ते गृहस्थ उगीचच खोकले. लग्न झालं, पण व्याही अजून कुणाला नंबर देताना बिचकतात.

त्यांच्या साठीच्या समारंभात बायकांनी उखाण्याचा हट्ट धरला. साडूभाऊ गंभीरपणे उभे राहिले. "सात तीन नऊ तीन, नऊ एक तीन तीन, शालूचं नाव घेतो, होऊन तल्लीन." शालूताई, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, म्हणाल्या, "एवढा संसार केला, तरी सवतीचं नाव आधी."

पुढे त्यांना विस्मरण जडलं. नातवंडांची नावं गेली, मग दिवा स्टेशनजवळ राहणारा मुलगाही ओळखू येईना. शालूताई रोज संध्याकाळी त्यांच्याकडून उखाणा म्हणवून घेत. आपला माणूस अजून आहे की नाही, हे त्यांना तेवढ्यावरून कळायचं. एकदा माझ्यासमोरच संख्येतले शेवटचे दोन्ही ‘तीन’ गळले. ताईंनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "गेलं आता सगळं." नातेवाइकांतही तेच सांगत फिरलो, आणि साडूभाऊंचं डोकं गेलं असंच सगळे धरून चालले. ते खरं नव्हतं, म्हणून हे लिहितो आहे.

नंतर बऱ्याच महिन्यांनी गेलो, तेव्हा ताईंनी पुन्हा उखाणा मागितला. साडूभाऊंनी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं.

"सात," ते म्हणाले. मग थांबून, "शालू."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. आकडे उजवीकडूनच गळत गेले होते. मी म्हणालो, "बरोबर आहे, ताई. अजूनही भाग जात नाही."

ताईंनी पदराने त्यांची हनुवटी पुसली. "मग त्या दिवशी तुम्ही तसं का म्हणालात?"

साडूभाऊंनी मला ओळखलं नव्हतं, तरी त्यांनी माझा हात हातात घेतला, त्या शहाडच्या व्याह्यांचा घेतला होता तसा.