लोखंडी मोराची शिवण

चाळीस वर्षं पुस्तकं शिवणाऱ्या धर्माजीनं एकही पुस्तक वाचलेलं नव्हतं. "वाचत बसलं की खळ सुकते," म्हणायचा आणि मैद्याच्या खळीत मोरचूद टाकून ढवळत राहायचा. मूळचा राजापूरकडचा. ज्या छापखान्यात बाइंडिंग शिकला तो बंद पडला, तसा नया नगरात एका जिन्याखाली बसू लागला. रीत एकच : सोळा-सोळा पानांचे फर्मे सुटे करायचे, आकडे बघून रचायचे, शिवायचे.

त्या रीतीनंच घात केला.

सिल्व्हर पार्कातलं मुलांचं वाचनालय संचिताबाई चालवतात. त्यांनी 'लोखंडी मोर'चे दोन्ही भाग दिले होते, पार चिंध्या झालेले. पहिल्या भागात यमी नावाची मुलगी यंत्राच्या मोरावर बसून शनीवर जाते, दुसऱ्यात परत येते. धर्माजीनं एका खळीत काम उरकायला दोन्ही एकदमच उसवली. दोन्हीत आकडे एक ते एकशे ब्याण्णव. रचले, शिवले, निळं कापड चढवलं.

आठवड्यानं संचिताबाई दोन्ही पुस्तकं आणि सहावीतल्या दिव्याला घेऊन हजर. दिव्या फुगलेली.

"काका, ऐंशी पानावर यमी शनीवर उतरतेय, आणि एक्क्याऐंशीवर घरी पेज पितेय! मोराचा पंख कधी तुटला? तो मरतो का?"

"आकडे बरोबर हायत ना?"

"आकड्यांचं काय करू? गोष्ट कुठाय?"

शेजारचा इस्त्रीवाला रोशन खिदळला. "चाचा, शनी से पंगा लिया? अब लगी साडेसाती!"

संचिताबाई हसल्या नाहीत. "धर्माजी, कमिटी म्हणतेय, जुन्या पुस्तकांचं कपाटच रद्दीत घाला. हे भाग आता कुठं छापतसुद्धा नाहीत हो. रविवारी मीटिंग आहे. ही दोन नीट दाखवता आली तर कपाट वाचेल, आणि ते सगळं शिवायला तुमच्याकडेच येईल."

धर्माजीनं मान खाली घालून दोन्ही पुस्तकांचा दोरा कापला, फर्मे पुन्हा सुटे केले.

नावं दोन्हीकडं तीच, तेव्हा नुसती नजर टाकून भागेना. फर्म्याची शेवटची ओळ वाचायची, पुढच्याची पहिली जुळवायची. शहाण्णव पानावर लिहिलेलं : 'मोराच्या पोटातला दिवा विझला आणि यमीनं'. सत्त्याण्णव आकड्याची पानं दोन. एकावर 'आईला मिठी मारली', दुसऱ्यावर 'आत हात घालून तार शोधली'.

"च्यायला, दोन्ही बसतात की!"

मग मागचं पान वाचावं लागलं. मग त्याच्या मागचं. शेवटी तो पहिल्या पानावर जाऊन बसला.

शनिवारी दुपारी दिव्या आली. "झालं, काका?"

"थांब गो. तिला तार अजून गावली न्हाय."

"तुम्ही वाचताय!"

"जुळवतोय," धर्माजी म्हणाला. पण बोट ओळीवर होतं आणि खळीवर जाड साय धरली होती.

पहिला भाग लागला तसे उरलेले फर्मे आपसूक दुसऱ्याचे ठरले. संध्याकाळपर्यंत दोन्ही शिवून झाले.

रविवारी धर्माजी पुस्तकं घेऊन मीटिंगला गेला, दिव्याही आली. कमिटीतल्या एका आजोबांनी चूक काढायला म्हणून पहिल्या भागाचं नेमकं शहाण्णव पान उघडलं. चहा आला, त्यावर माशी बसली, तरी आजोबांनी डोकं वर काढलं नाही. कपाट राहिलं.

बाहेर पडताना दिव्यानं हात पुढं केला. "दुसरा भाग द्या ना."

धर्माजीनं पुस्तक काखेत आणखी घट्ट धरलं. "शिवून झालाय. वाचून न्हाय."

"मग उद्या शाळा सुटली की मी येते. मोठ्यानं वाचते, तुम्ही शिवा."

सोमवारी जिन्याखाली कपाटातली पहिली वीस पुस्तकं येऊन पडली होती. दिव्या पायरीवर बसून दुसरा भाग मोठ्यानं वाचत होती. मोराचा पंख तुटला तशी धर्माजीची सुई मध्येच थांबली. दिव्यानं पाणी प्यायला पुस्तक मिटलं.

"ए बेटा, रुको मत," रोशन इस्त्री उभी करून म्हणाला. "मोर बचता है ना?"