लाल टिकल्यांची फियाट

साताऱ्याहून निघताना हिने बजावलं होतं, "तिकडं डोळे उघडे ठेवा. गाडी गॅरेजात सोडून चहाला गेलात की आतलं सामान बदललंच." मी मुळात संशयी माणूस, त्यात हा उपदेश.

जुनी फियाट घेऊन मी लेकीला, सुलभाला, बाळंतपणासाठी आणायला वाशीला निघालो होतो. परवा तिला आठवा लागणार होता, आणि आठव्यात आमच्याकडे लेकीला हलवत नाहीत. पण जातानाच घाटात धुकं असं दाटलं, की बंद पडून उभा असलेला ट्रक मला चार हातांवर दिसला. ब्रेक लागला म्हणून वाचलो! याच वाटेने पोटुशी पोर न्यायची? पनवेलला गाडी थांबवून पिवळ्या काचेच्या फॉगलाइटची जोडी विकत घेतली.

वाशीत तेव्हा इमारती थोड्या आणि चिखल फार. जावयांनी तुर्भ्याच्या रस्त्यावरचा काशिनाथ वायरमन सुचवला. दुसऱ्या दिवशी सकाळी निघण्यापूर्वी मी सुलभाची नेलपॉलिशची बाटली हळूच खिशात टाकली आणि खाली जाऊन गाडीचं बॉनेट उघडलं. बॅटरी, डायनॅमो, कॉइल, हॉर्न, जे दिसेल त्याला लाल टिकली लावली. नव्या दिव्यांच्या बोल्टांना तर चांगली सढळ हाताने. एकूण नऊ टिकल्या. आता बदल म्हणावं काय बदलायचं ते!

काशिनाथ कोपरखैरण्याचा. वडिलांचं मिठागर होतं, ते नव्या शहरासाठी सरकारने घेतलं, म्हणून याने पत्र्याची शेड टाकली होती. तिशीचा, अबोल. मला अबोल माणसांचा जास्तच संशय येतो.

"वेगळं बटन देऊ, काका?"

"नको. घाटात बटणं कुठं चाचपू? हेडलाइट लावले की हे आपोआप लागले पाहिजेत."

त्याने एक चौकोनी डबी काढली. मी लगेच हटकलं, "हे डबडं कशाला? बिल फुगवायला?"

"रिले हाय. हेडलाइटची वायर फक्त याला इशारा देनार. बत्त्या पेटनार बॅटरीवरनं. नायतर तुमचा स्विच जलंल." गळी उतरलं नाही, पण लावू दिलं.

दुपारी त्याच्या घरून डबा आला. तांदळाची भाकरी आणि सुकटीची (वाळवलेल्या बारीक कोलंबीची) चटणी. "काका, आत बसून जेवा, पानी हाय." मला आत बसवतोय काय! मी भाकरी हातावर घेऊन गाडीला टेकून उभ्यानेच जेवलो. चटणी मात्र अशी फक्कड होती, की दुसऱ्यांदा मागून घेतली.

वायरी जोडून झाल्या. उन्हात उजेड कळेना, म्हणून काशिनाथने गाडीच्या तोंडावर ताडपत्री टाकली, स्वतः तिच्या आत शिरला आणि मला सीटवर बसून बटण ओढायला सांगितलं. झालं! समोर नुसती ताडपत्री, आत हा आणि माझी बॅटरी.

"ओढा!"

"ओढलं. लागले?"

"हेडलाइट लागलं. पिवलं नाय."

पुन्हा ओढलं, पुन्हा नाही. तासभर हेच. रिलेची टकटक मला ऐकू येत होती, तरी दिवे मेलेले. मनात म्हटलं, मुद्दाम लांबवतोय. आता सांगेल, बॅटरी गेली, नवी घ्या. घड्याळात तीन वाजत आले होते. अंधाराआधी घाट ओलांडला नाही, तर आजचा दिवस फुकट. मी ओरडलोच, "अहो, जमत नसेल तर तसं सांगा! माझी पोर खोळंबलीय!"

ताडपत्रीतून डोकं बाहेर आलं. हातात दिव्याचा बोल्ट होता.

"काका, याला लाल रंग कोनी लावला?"

माझा हात खिशातल्या बाटलीवर गेला.

"दिव्याची अर्थिंग (करंटची परतीची वाट) याच बोल्टातनं हाय. रंग मधी आला की वाट बंद." त्याने बॅटरीकडे पाहिलं, मग डायनॅमोकडे, मग माझ्याकडे. त्याला सगळं कळलं. मला वाटलं, आता गाडी बाहेर काढायला सांगणार.

त्याने पॉलिश पेपरने दोन्ही बोल्ट घासले आणि परत बसवले. मी बटण ओढलं. ताडपत्रीच्या कडेने पिवळा उजेड सांडला.

"बाकीच्या टिकल्या मोजून घ्या," तो हात पुसत म्हणाला. "मंग जावा."

आणि मी, लाज सोडलेला माणूस, खरंच वाकून मोजल्या. सात. सगळ्या जागच्या जागी.

संध्याकाळी घाटात धुकं होतंच. बटण ओढलं आणि रस्त्याच्या कडेचे पांढरे दगड एकेक करून दिसू लागले. वळणावर उभा असलेला एक ट्रक मला चांगला लांबून दिसला. सुलभा मागे गाढ झोपली होती. काशिनाथला धड धन्यवादही दिले नव्हते, ते तिथं आठवलं आणि फार वाईट वाटलं.

घरी पोचल्यावर हिने पहिलं विचारलं, "काही बदललं नाही ना?" मी सकाळी ब्लेड घेऊन बॉनेटपाशी बसलो आणि सातही टिकल्या खरवडून काढल्या. मागून सुलभा विचारत होती, "बाबा, माझी नेलपॉलिश कुठं पाहिलीत का?"

दिव्यांच्या बोल्टांवर मला खरवडायला काही नव्हतं. ते त्याने आधीच लखलखीत करून दिले होते.