शेवटचा जोड आणि चहाचं ताट

माझ्या चुलत सासऱ्यांनी मला चहा पाजून बरबाद करायचं ठरवलं होतं. हसू नका. दंडुका घेऊन अंगावर येणारा माणूस परवडतो, त्याच्यापासून पळता तरी येतं.

दोन हजार साल उलटून दोन-तीन वर्षं झाली होती. घोडेगावच्या वर, डोंगरात माझी सासरवाडी. तिथे धरणाचं पाणी उचलून वरच्या टाकीत न्यायचं काम निघालं. चढ असा उभा की लोखंडी पाइप खांद्यावर घ्यायला कुणी तयार होईना, म्हणून फायबरग्लासचे हलके पाइप आले. ते जोडायला नारायणगावाहून फिटर आला, तो मी. आणि गावातली प्लास्टिकच्या पाइपांची सगळी कामं आजवर करत आलेले फिटर म्हणजे माझे चुलत सासरे. आता सांगा, माझं स्वागत कसं होणार?

त्यांची पद्धत सोपी. टोकाला सोल्युशन फासायचं, पाइप ठोकायचा, एक बिडी ओढायची आणि पाणी सोडायचं. माझी पद्धत म्हणजे त्यांच्या मते नखरे. टोकाची चकाकी जाईपर्यंत पॉलिश पेपरने घासायचं, कोऱ्या फडक्याने पुसायचं. नंतर तिथे बोटसुद्धा लावायचं नाही, कारण बोटाचा घामही जोड सोडवतो. मग दोन डब्यांतला माल एकत्र कालवायचा, दोन्ही टोकांना लावायचा, साखळीने खेचून पाइप आत बसवायचा आणि घट्ट होईपर्यंत त्याला हलवायचं नाही.

“पाइप जोडताय का नवरीला हळद लावताय, जावईबापू?” ते बांधावरून ओरडायचे.

“मामा, नवरी माहेरी परत आली तर चालतं. पाणी धरणात परत आलेलं चालत नाही.”

ते हसले नाहीत. त्यांनी माझ्या कामातली कळ शोधली. कालवलेला माल थोड्याच वेळात डब्यात तापतो आणि दगड होतो, हे त्यांनी नीट पाहून ठेवलं. मग मी कालवायला काठी घातली रे घातली की बांधावरून हाक यायची, “जावईबापू, च्या!”

पहिल्या दिवशी मी नको म्हणालो. संध्याकाळपर्यंत गावभर झालं की जावयाने चुलत सासऱ्याच्या घरचा चहा झिडकारला. सासूबाईंनी मला माफी मागायला पाठवलं. गेलो. तिथे तीन कप प्यावे लागले. पुढच्या वेळी मुकाट्याने खड्ड्यातून वर आलो, बशीत ओतून फुर्र फुर्र करत चहा घेतला, आणि खाली उतरलो तर डब्यात काठी उभी! हलेना. असे त्या दोन डब्यांचे दोन संच गेले. जादा आलेले तेवढेच होते.

उरला एक जोड आणि एक संच. नवा माल यायला पंधरा दिवस लागणार होते. गावच्या पाणी समितीने मला बोलावून सांगितलं, “हा जोड टिकला तर तुमचं काम. न्हाई टिकला तर गावातलं पुढचं पाइपांचं सगळं काम तुमच्या मामांकडं.” मामा तिथेच मिशीला पीळ देत उभे होते. सासरवाडीत हरलेला फिटर नारायणगावात तोंड कसं दाखवणार?

दुसऱ्या दिवशी टोकं घासली, पुसली, माल कालवला. आणि मामा स्वतः ताट घेऊन खड्ड्याशी हजर! स्टीलचं रुंद ताट, त्यावर चुलत सासूबाईंचं नाव कोरलेलं. दोन कप, दोन बश्या.

“घ्या की. सासऱ्यानं हातानं आणलाय.”

“आणा,” मी म्हणालो. कप-बश्या उचलून बांधावर ठेवल्या आणि सगळा माल त्या ताटात ओतून पातळ पसरला. डब्यात गच्च असला की तो स्वतःच्याच उष्णतेने लवकर घट्ट होतो, पसरला की दम धरतो. मामांचे डोळे कपाएवढे झाले.

“अहो, ताट हाय ते! घरातलं ताट!”

“आता चहा,” मी म्हणालो आणि सावकाश प्यायलो. सावकाश म्हणजे किती सावकाश! मग खाली उतरून त्याच ताटातला माल लावला, पाइप खेचून बसवला आणि ताट वर बांधावर ठेवलं. मामांनी रागाच्या भरात आपली रिकामी बशी आदळली, ती सवयीने थेट ताटात, उरलेल्या मालावर.

घटकाभराने समितीची माणसं जमली, तसे ते म्हणाले, “सोडा पाणी. बघू तुमचा जोड.”

“आधी बशी उचला, मामा. ताटातही पातळ थर, जोडातही पातळच. बशी सुटली तर जोड कच्चा.”

बशी सुटली. समितीची माणसं हसली. मामा तर लई हसले. मी पाइपाला कुणाला हात लावू दिला नाही. सकाळी सगळ्यांसमोर ताट पुढे केलं. कालची बशी मी तिथेच परत दाबून ठेवली होती. मामांनी ओढली. दोन्ही पाय ताटावर रोवून ओढली. बशीचा तुकडा हातात आला, बूड ताटातच राहिलं.

मग हळूहळू पाणी सोडलं, आतली हवा जाऊ दिली. जोड कोरडा ठणठणीत. वरच्या टाकीत पाणी पडल्याचा आवाज आला आणि मामा ताट काखेत मारून घरी गेले.

त्या दिवाळीला त्यांच्याकडे गेलो. सगळ्यांना नव्या ट्रेमध्ये चहा आला. मला त्या ताटात. चुलत सासूबाई ताट धरून उभ्याच राहिल्या.

“बघताय काय?” त्या म्हणाल्या. “तुमचंच काम हाय. घ्या, थंड व्हईल.”

तेव्हापासून दर दिवाळीला मला त्याच ताटात चहा मिळतो. बूड अजून सुटलेलं नाही. मी दरवेळी आधी तपासतो.