पिशवीवाल्यांवर उडी

आमच्या गल्लीत भाड्याने राहणारा साहेब नागपूरला गेला, तेव्हा पलंग, पाटा-वरवंटा, तुळशीची कुंडीसुद्धा बैलगाडीत घालून स्टेशनवर नेली. कुत्रा राहिला.

त्या वर्षी राज्यांची नव्याने वाटणी झाली होती. नागपूर मुंबई राज्यात गेलं. आम्ही बऱ्हाणपूरवाले होतो तिथेच राहिलो, पण आमची राजधानी नागपूरहून उठून भोपाळला जाऊन बसली. कोणी कुठे जायचं ते सरकारी माणसांना कागदावर मिळालं, कुत्र्याला मिळालं नाही. तो कुलूप लावलेल्या दारासमोर आठ दिवस बसून होता. नवव्या दिवशी शाळेत जाताना मी त्याला भाकरीचा तुकडा टाकला. मी मुलींच्या शाळेत शिकवत असे. संध्याकाळी परत आले तेव्हा तो लोधीपुऱ्यातल्या आमच्या घराच्या ओट्यावर होता आणि सासूबाई हातात केरसुणी घेऊन दारात.

"हे तुझ्यामागे आलंय, की तू आणलंयस?"

"मागे आलंय."

"मग मागेच ने."

मला कुत्र्यांची आवड वगैरे नव्हती. पण कुरडया-पापड वाळत घातले की गच्चीवर माकडं उतरायची, आणि हा आल्यापासून ती शेजारच्या गच्चीवर उतरू लागली. एवढा उपयोग मला पुरेसा वाटला. तो ओट्यावर राहिला. त्याच्या नावावर घरात एकमत झालं नाही, म्हणून नाव ठेवलंच नाही.

दोन महिने बरे गेले. मग तो लोकांच्या अंगावर उड्या मारायला लागला. चावायचा नाही. पुढचे दोन्ही पाय माणसाच्या छातीवर ठेवायचा आणि हाताकडे तोंड न्यायचा. पण ज्याच्या छातीवर पाय पडतात त्याला हा फरक समजावून सांगता येत नाही. भाजीवाली मेथीच्या पिशवीसकट ओट्याखाली बसली. पोस्टमन तर दारात यायलाच तयार होईना. लांबूनच ओरडला, "बाई, जनावर बांधा तुमचं! ही पँट सरकारची आहे."

"कुठल्या सरकारची? जुन्या की नव्या?" आमच्या यजमानांनी विचारलं.

"ते अजून कोणी कळवलं नाही साहेब. पण फाटली तर दोघंही माझीच म्हणतील."

त्याच आठवड्यात नणंदेचं पत्र आलं. आखाजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, माहेरी येते, चार वर्षांच्या मुलीला घेऊन येते. मुलीच्या मागे जळगावात एकदा कुत्रा लागला होता, तेव्हापासून ती शेळी पाहिली तरी रडते. सासऱ्यांनी पत्र दोनदा वाचलं, चष्मा काढला आणि निकाल दिला.

"आखाजीपर्यंत मुदत. पोर दारात आली आणि याने उडी मारली, तर त्याच दिवशी हा निंबोल्याला जाईल."

निंबोल्याला आमचं केळीचं शेत होतं. तिथे राखणीला तीन कुत्रे होते आणि चौथा त्यांना चालत नसे. मागे एकदा एक कुत्रा असाच पाठवला होता. दुसऱ्या आठवड्यात त्याचा कान फाटला, तिसऱ्यात तो दिसेनासा झाला. सासऱ्यांनाही हे माहीत होतं. म्हणूनच त्यांनी निकाल देताना माझ्याकडे पाहिलं नाही.

मी म्हटलं, "मामंजी, आखाजीपर्यंत तो शिकेल." का म्हटलं कोण जाणे. बोलून बसले.

शिकवण्याची मला येत असलेली एकच पद्धत शाळेतली होती. पट्टी. पहिल्या दिवशी त्याने उडी मारल्यावर मी पट्टी उगारली. तो खाटेखाली शिरला आणि दुसऱ्या दिवशीपर्यंत बाहेर आला नाही. बाहेर आला तो पहिली उडी पोस्टमनवरच मारली. म्हणजे मला एक दिवस रजा मिळाली, बाकी काही नाही.

मग मी गुरांच्या दवाखान्यातल्या म्हाताऱ्या कंपाउंडरकडे गेले. त्याने आयुष्यभर बैल, घोडे, म्हशी हाताळल्या होत्या. त्याच्यावर जनावरं ओरडत नसत आणि तोही त्यांच्यावर ओरडत नसे. माझं सगळं ऐकून तो म्हणाला, "बहनजी, कूदने से उसको कुछ मिलता है. क्या मिलता है, पहले वो ढूँढो."

"काही मिळत नाही हो. शिव्या मिळतात."

"शिव्यांवर कोणी इतके दिवस टिकत नाही," तो हसून मराठीत म्हणाला. "आठ दिवस काही शिकवू नका. फक्त बघा, किस पर कूदता है और किस पर नहीं."

मी शाळेची जुनी वही काढली आणि दोन रकाने पाडले. दूधवाला, उडी नाही. विरजण मागायला आलेली शेजारीण, नाही. पोस्टमन, उडी. झोळीवाला बुवा, उडी. सासरे शेतावरून रिकाम्या हाताने आले त्या दिवशी नाही, केळ्यांची पिशवी घेऊन आले त्या दिवशी उडी. पाचव्या दिवशी कळलं की याला माणसांशी घेणं नाही. खांद्यावर किंवा हातात पिशवी असली की तो उडतो.

पिशवीचं कोडं सहाव्या दिवशी सुटलं. यजमान तहसील कचेरीत होते. राजधानी हलली तेव्हा त्यांचं सर्व्हिस बुक नागपूरहून निघालं आणि भोपाळला पोचलं नाही. वाटेत कुठे उतरलं ते कोणालाच ठाऊक नव्हतं. ते शोधायला हे महिन्यातून दोनदा पिशवी घेऊन भोपाळला जायचे आणि हात हलवत परत यायचे. त्या सकाळीही तसेच आले. सासूबाई नेहमीप्रमाणे भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन दारात आल्या, मुलावरून तुकडा ओवाळला आणि त्याच्या खांद्यावरून पलीकडे रस्त्यावर भिरकावला. कुत्र्याने मुलाच्या छातीवर पाय टेकवून तो हवेतच झेलला.

थंडीपासून महिन्याला दोनदा हे चाललं होतं. याच्या हिशेबाने पिशवीवाला दारात आला की त्याच्या अंगावरून भाकरी उडते. न उडाली तर बिचारा ती पोस्टमनच्या हातात शोधायचा.

जेवताना मी हे सगळं सांगितलं. सासूबाईंचा घास हातातच राहिला.

"म्हणजे मी शिकवलं म्हणतेस?"

"हो."

"मी? ज्याला मी अजून बोटसुद्धा लावलं नाही?"

"वेळेवर तुकडा टाकला ना तुम्ही, आत्याबाई. आमच्या शाळेत कोणाला इतकं चांगलं जमत नाही."

सासऱ्यांना ठसका लागला. यजमान पाणी आणायला म्हणून उठले आणि आत जाऊन हसत बसले.

"मग काय करू?" सासूबाई कडाडल्या. "माझा पोरगा शंभर कोस जाऊन येतो, मी ओवाळू नको? माझी लेक येईल, नात येईल, त्यांच्यावरून ओवाळू नको? कुत्र्यासाठी?"

ओवाळू नका असं कोणी म्हणतच नव्हतं. ओवाळा, फक्त तो बसला की मगच टाका. एवढंच करायचं होतं आणि त्याला महिना लागला.

आधी त्याला बसायला शिकवायचं होतं. तुकडा नाकावरून डोक्यामागे नेला की कुत्रा आपोआप बसतो, असं कंपाउंडरने दाखवलं होतं. पण मी हात वर नेला की हा अंग चोरायचा. त्याला आधी कोणीतरी मारलेलं असणार, वर माझी पट्टी. म्हणून पहिले चार दिवस मी नुसता हात वर करायची, खाली आणायची आणि तुकडा द्यायची. बाकी काही मागायची नाही. तूप कढवल्यावर भांड्याला राहिलेली बेरी त्या तुकड्यांना लावलेली असायची. पाचव्या दिवशी हात वर गेला आणि त्याने शेपूट हलवलं. सहाव्या दिवशी बसला. सकाळी दहा तुकडे, संध्याकाळी दहा, की बंद. "भूख बाकी रहे तब बंद करो," कंपाउंडर म्हणाला होता, "वो खुद कल की राह देखेगा." तो खरंच वाट बघायचा. मी शाळेतून येताना कोपऱ्यावर दिसले की हा ओट्यावर आधीच बसून मोकळा. उडी मारली तर कोणी रागवायचं नाही, नुसती पाठ फिरवायची, असा घरात नियम केला. सासऱ्यांना तो सोपा गेला. नावडती गोष्ट दिसली की पाठ फिरवायची त्यांना जुनी सवय होती.

मग पिशवीची तालीम सुरू झाली. यजमानांनी पिशवी घेऊन कोपऱ्यावरच्या निंबापर्यंत जायचं आणि भोपाळहून आल्यासारखं यायचं. सासूबाई तुकडा घेऊन दारात. रविवारी सकाळी गल्ली ओट्यांवर येऊन बसली.

"वहिनी, तुमचे यजमान आज कितव्यांदा भोपाळहून आले?" समोरच्या काकूंनी विचारलं.

"सातव्यांदा."

"आणि ते पुस्तक?"

"ते नाही आलं."

सासरे पान लावत म्हणाले, "याच्यावरून आज इतके तुकडे ओवाळलेत, की याला पुढल्या जन्मीही नजर लागायची नाही."

कुत्रा शिकत होता. अडचण सासूबाईंची होती. त्याने डोळे वर करून पाहिलं की त्यांचा हात सुटायचा.

"आत्याबाई, अजून नाही. बूड टेकलं नाही त्याचं."

"टेकलंय की."

"अधांतरी आहे."

"देवाच्या नैवेद्यालासुद्धा मी इतकं वाकून बघत नाही!"

मी टोकलं की त्या तांब्या ठेवून आत निघून जायच्या आणि त्या दिवशीची तालीम संपायची. हे दोनदा झाल्यावर मी धडा घेतला. चुकल्या की गप्प बसायचं. बरोबर वेळी टाकला की लगेच म्हणायचं, "वा आत्याबाई, बरोबर!" आठवड्यात हात थांबायला लागला. ही पद्धत कुठून घेतली ते त्यांना सांगायची गरज नव्हती.

पोस्टमनलाही तुकडे देऊन ठेवले. आधी कुरकुरला, मग त्याला गोडी लागली. एकदा भर उन्हात दारात उभा दिसला. "आमचं पत्र आहे?" मी विचारलं.

"नाही बाई. इकडून चाललो होतो, म्हटलं बसतो का बघू."

आखाजीला चार दिवस राहिले आणि सगळं बिनसलं. तुकईथडहून सासऱ्यांचे एक चुलतभाऊ आले, खांद्यावर मोठी पिशवी. कोणी घरात नव्हतं, पुढचं सगळं समोरच्या काकूंनी सांगितलं. कुत्रा त्यांच्यासमोर बसला. पण पुढे काय करायचं ते त्यांना कोणी सांगितलेलं नव्हतं. त्यांनी काठी उगारली, हा उडाला आणि धोतर टरकलं. दुसऱ्या दिवशी शेतावर जाऊन सासऱ्यांनी तिथल्या सालदाराला सांगून ठेवलं, की लेक येईल त्या दिवशी सकाळी दोरी घेऊन ये. मी वाद घातला नाही. बोलले होते मी, मुदतही मीच मान्य केली होती. फक्त उरलेले दिवस सकाळ-संध्याकाळ तालीम घेतली आणि यजमानांना निंबापर्यंत पळवलं.

त्या सकाळी सालदार ओट्याच्या कडेला येऊन बसला, मांडीवर दोरीचं वेटोळं. कुत्रा त्यालाही हुंगून आला. दहाच्या सुमाराला टांगा थांबला. आम्ही एका पिशवीची तालीम केली होती. नणंदेजवळ दोन हातांत दोन पिशव्या, खांद्यावर एक, मागे टांगेवाल्याच्या डोक्यावर पत्र्याची ट्रंक, आणि तिचा पदर धरून मुलगी. मुलीने कुत्रा पाहिला आणि किंकाळी फोडली. नणंदेने पिशव्या टाकून तिला कडेवर घेतलं.

कुत्रा उठून उभा राहिला. पुढचे पाय थरथरत होते. एकदा ट्रंकेकडे बघायचा, एकदा पिशव्यांकडे. सालदारही उभा राहिला. मी हाक मारली असती तर तो माझ्याकडे वळला असता आणि सगळी घडी विस्कटली असती. मी तोंडाला पदर लावून गप्प राहिले.

सासूबाई तुकडा आणि तांब्या घेऊन उंबऱ्यात आल्या. लेक वर्षाने आलेली, नात रडतेय, ऊन डोक्यावर. त्यांनी हात वर नेला आणि तिथेच धरून ठेवला.

"आई, ओवाळ ना लवकर. पाय भाजताहेत."

"थांब."

"अगं, पोर रडतेय!"

"थांब म्हटलं ना. त्याचं बूड टेकू दे आधी."

"कोणाचं?"

सासूबाईंचा हात हलला नाही. कुत्र्याने त्या हाताकडे पाहिलं. पाहतच राहिला. मग मागून हळूहळू खाली गेला, अधांतरी थांबला आणि टेकला. नीट टेकला. सासूबाईंनी लेकीवरून आणि नातीवरून तीनदा तुकडा ओवाळला आणि या खेपेला रस्त्यावर न भिरकावता त्याच्या पुढ्यात टाकला. तो तुकडा खाऊन परत बसला.

मुलीचं रडणं मध्येच थांबलं होतं. तिने कडेवरून वाकून पाहिलं. "आजी, परत टाक."

"वा आत्याबाई," मी म्हटलं.

"कळतं मला," त्या म्हणाल्या. "मोठी आली शिकवणारी."

सालदाराने सासऱ्यांना विचारलं, "दादा, कुत्रं कोणतं न्यायचं?"

"कोणतं कुत्रं?" सासरे म्हणाले. "तू हात धू, आमरस खा आणि जा."

नणंद अजून उन्हातच उभी होती, एका पायावरून दुसऱ्या पायावर होत.

"वहिनी," ती म्हणाली, "आता मी आत येऊ, की मलाही आधी बसायचंय?"