एकोणतीस देश आणि माझी खुर्ची

शांती नगरातल्या एका ट्रॅव्हल ऑफिसात मी बारा वर्षं व्हिसाच्या फाइली करतेय. या कामात दोनच गोष्टी साठतात, झेरॉक्स आणि किस्से. झेरॉक्स निदान फाडता तरी येतात! लोक युरोपला जातात, मी घरी जाते. जळते का? हो, जळते!

*

चौक कोळीवाड्यातल्या मंदामावशींचा मासळीचा धंदा. मुलाने त्यांना टूर बुक करून दिलेली. मी समजावलं, "शेंगेन म्हणजे युरोपातले एकोणतीस देश. एकदा आत शिरलात की मध्ये सहसा कुणी पासपोर्ट मागत नाही."

"आमच्या दर्याला हद्द हाय, नि त्यांच्या जमिनीला न्हाय?"

"नाही."

"मंग येवढे देश केले कशाला?"

मी फॉर्म पुढे सरकवला, "मावशी, इथे सही करा."

*

शहाकाका सात देश फिरून आले ते थेट भांडायलाच. पासपोर्टवर जाताना एक, येताना एक, शेंगेनचे दोनच शिक्के! "सात कंट्री घूमा, सोसायटी में क्या दिखाऊं?"

दोन शिक्के कमी वाटतात म्हणे! माझा पासपोर्ट कोराच आहे.

*

शेजारच्या टेबलावरच्या हितेशने एका जोडप्याला पॅरिस, मग लंडन, मग स्वित्झर्लंड असं बसवून दिलं. शेंगेन व्हिसा सिंगल एन्ट्री! लंडन शेंगेनच्या बाहेर. तिकडे गेलात की परत आत शिरणं बंद. तिकिटं निघायच्या आदल्या दिवशी मी ते पकडलं आणि लंडन शेवटी ढकललं.

"ताई, तू नसतीस तर वाट लागली असती!" हितेश म्हणाला.

*

यंदा ग्रुपबरोबर ऑफिसातून एकाला पाठवायचं ठरलं. मी बॅगसुद्धा बघून ठेवली होती.

शेठ म्हणाले, "हितेश जाईल. तू गेलीस तर फाइली कोण बघणार? एवढं दुसऱ्या कुणाला येतं?"

घ्या! मी हितेशला "एन्जॉय कर" म्हटलं. मनापासून नाही.

*

पाचव्या दिवशी हितेशचा व्हिडिओ कॉल. मागे डोंगर, बस, आमचा अख्खा ग्रुप.

"ताई, सकाळी ऑस्ट्रियातून निघालो. आता कुठल्या देशात आहोत? सगळे विचारतायत."

"मॅप बघ ना!"

"मॅप कशाला, तू आहेस ना!"

"हायवेचा बोर्ड दाखव. निळा की हिरवा?"

"हिरवा."

"मग इटलीत आलात. तुमच्या रूटवर ऑस्ट्रियाचे बोर्ड निळे, इटलीचे हिरवे."

ग्रुपने टाळ्या वाजवल्या. एका काकांनी फोन हातात घेतला. "वा मॅडम! तुम्ही इकडे किती वेळा येऊन गेलात?"

"मोजलंच नाही कधी," मी म्हटलं.