खुर्च्यांच्या कारखान्याची रेकॉर्ड

विषय : एक जुनी अमेरिकन रेकॉर्ड वृद्धनिवासाच्या बागेत वाजवू देणेबाबत.
संदर्भ : आमचा अर्ज.

निवृत्त कारकुनाकडे किस्से फायलींसारखे साचतात. निकाली कोणी काढत नाही. मुलाकडे डच मुलखात, बुइटनव्हेल्डर्टला आलो आणि करोनाने विमानं बंद झाली. तेव्हा रेकॉर्डी ऐकायच्या आमच्या रविवारच्या मंडळात आम्ही तिघे होतो : मी, शेजारचा आयटीवाला निखिल जोशी आणि जुन्या रेकॉर्डी जमवणारे ऐंशीच्या घरातले डच गृहस्थ, विमसाहेब.

विमसाहेबांचा जीव एकाच कंपनीवर. तिचा मूळ धंदा खुर्च्यांचा. ग्रामोफोनची कपाटं खपावीत म्हणून रेकॉर्डी काढल्या, आणि स्वस्तात पडतात म्हणून काळ्या गायिकांचे ब्लूज. माल इतका हलका की गाण्याआधी खरखर ऐकू येई. धंदा बसल्यावर कामगारांनी मूळ साचे नदीत भिरकावले म्हणतात. निखिलने विचारलं, "बॅकअप नव्हता?" विमसाहेब म्हणाले, "तुझ्या हातात आहे तो."

लॉकडाऊनमध्ये मंडळ व्हिडिओ कॉलवर आलं. सॉफ्टवेअरने खरखर गोंगाट ठरवून काढून टाकली, तिच्याबरोबर गाणाऱ्या बाईंचा आवाजही. उरला विमसाहेबांचा खोकला. तो मात्र सुस्पष्ट.

पुढे ते वृद्धनिवासात गेले. भेटी बंद. मागणं एकच : आवडती रेकॉर्ड, खऱ्या ग्रामोफोनवर, एकदा खिडकीखाली ऐकायची. तिची दुसरी प्रत त्यांना आयुष्यभर सापडली नव्हती. त्यांच्या मुलीने ती ग्रामोफोनसकट निखिलच्या दारात आणून ठेवली; मी अर्ज केला. तिथल्या ऑफिसने विचारलं, गायिका किती अंतरावर उभी राहील? मी कळवलं, "बरीच वर्षं जमिनीखाली आहे. अंतर पुरेसं असावं."

निखिलकडे त्या दिवसांत बाहेरून आलेली प्रत्येक वस्तू सॅनिटायझरने पुसली जाई : दूध, केळी, पार्सल. रेकॉर्डही पुसली. जुन्या रेकॉर्डी लाखेच्या, आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते. फडका काळा झाला तसा त्याचा फोन आला. "काका, हिचा रंग जातोय." लावून पाहिली. कढईत कांदा परतल्यासारखी वाजली, दोन्ही बाजूंनी.

विमसाहेब दर रविवारी फोन करतात. "परवानगी आली?" निखिल फोन माझ्याकडे सरकवतो. विचाराधीन आहे, मी सांगतो, खोटं नाही. "मग थांबतो," ते म्हणतात. श्वास घ्यायला त्यांना आता वेळ लागतो.

परवा वृद्धनिवासाचा ईमेल आला. तत्त्वतः हरकत नाही; रेकॉर्ड किती मिनिटं वाजेल, एवढं कळवावं.

उत्तर आम्ही अद्याप दिलेलं नाही. अर्ज प्रलंबित आहे.